आपली ओळख आपणच करून देताना

तुम्ही लिहिले आहे की उदगीरजवळच्या गावातून शिक्षण पूर्ण करून तुम्ही पुण्यात आलात, आठ महिन्यांपूर्वी हिंजवडीतल्या एका कंपनीत रुजू झालात आणि पहिल्याच दिवशी गोल करून बसलेल्या वीस-बावीस जणांपुढे स्वतःची ओळख करून देण्याची पाळी आली तेव्हा तुमची वाचाच बसली. नाव कसेबसे सांगून झाले, पुढचे पाठ केलेले वाक्य आठवले नाही, कानशिले तापली आणि तुम्ही खाली बसलात. तेव्हापासून नवीन माणसे जिथे असतील तिथे जाणे तुम्ही टाळता. वाकडला ज्या मजल्यावर तुम्ही राहता तिथल्या समोरच्या दारातल्या काकांचे नावही तुम्हाला ठाऊक नाही, आणि आता ते विचारण्याची वेळ निघून गेली असे तुम्हाला वाटते. हा स्वभावातला दोष आहे का आणि तो जातो का, असा तुमचा प्रश्न आहे. पुण्यात समुपदेशनाचे काम मी गेली बावीस वर्षे करते आहे आणि हा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसलेली माणसे इतकी आहेत की त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटत नाही.

प्रथम दोषाविषयी. आपल्या भाषेत ‘ओळख करून देणे’ असा शब्दप्रयोग आहे आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्या माणसाच्या तोंडी असतो. तुमच्या गावात तुम्हाला कधी कोणाला आपण होऊन स्वतःविषयी सांगावे लागले, हे आठवून पाहा. बैठकीला पाहुणे आले की घरातले कोणीतरी मोठे माणूस ‘हा आमच्या अण्णांचा धाकटा, पुण्याला शिकायला आहे’ असे सांगते. आपण नमस्कार करतो, पाणी आणून देतो आणि आपले काम संपते. लग्नघरी सुनेची ओळख सासू करून देते. पतीचे नाव चारचौघांत घेण्याचा प्रसंग नववधूवर आला तर त्यासाठी उखाणा नावाचे एक संपूर्ण यमकबद्ध साधन समाजाने तिच्या हाती आधीच ठेवलेले आहे, म्हणजे त्या अवघड क्षणी काय बोलावे हा प्रश्न तिला एकटीने सोडवावा लागत नाही. त्यातच स्वतःविषयी स्वतः बोलू नये हा संस्कार आपल्याकडे फार जुना आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्याला एकाच ओवीत बसवले आहे. आपण मोठेपणाही सांगायचा नाही आणि घराणेही सांगायचे नाही, अशा वातावरणात वाढलेल्या तरुणाला एका सकाळी उभे करून ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हटले, तर त्याच्याकडे त्यासाठी तयार साचा नसतो. तुमच्यात काही कमी आहे असा याचा अर्थ नाही. तुम्हाला जे कधी शिकवलेच नव्हते ते एकदम करायला सांगितले गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता त्या गोलात नेमके काय घडले ते पाहू. तुमच्या आधी बोललेल्या दोघांची नावे तुम्हाला आठवत नाहीत आणि म्हणून आपल्या स्मरणशक्तीविषयी तुम्हाला शंका आली आहे. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली होती. पाळीपाळीने बोलायचे असेल तर आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जे बोलले जाते ते माणसांच्या फार कमी लक्षात राहते, कारण त्या वेळी मन पुढच्या आपल्या वाक्यात गुंतलेले असते. याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे आणि तो माझ्याकडे येणाऱ्यांच्या सहसा ध्यानात आलेला नसतो. तुमच्यानंतर जी व्यक्ती बोलणार होती तिनेही तुमचे ऐकलेले नव्हते, आणि जी नुकतीच बोलून बसली होती तीही आपण काय बोललो याचाच विचार करत होती. त्या बावीस जणांपैकी तुमच्या अडखळण्याकडे पूर्ण लक्ष असलेली व्यक्ती बहुधा एकच होती, आणि ती तुम्ही स्वतः.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिचा गाभाही हाच आहे. अशा प्रसंगी माणसाचे लक्ष समोरच्या माणसांवरून उठते आणि स्वतःवर येऊन बसते. छातीची धडधड, घशाची कोरड, कानांची ऊब यांवरून तो आपण बाहेरून कसे दिसत असू याचे चित्र मनात काढतो आणि ते चित्र खरे मानतो. प्रत्यक्षात आतली धडधड बाहेर फार थोडी दिसते. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करण्यापूर्वी काही विद्यार्थ्यांना एवढीच माहिती दिली की तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी ऐकणाऱ्यांना कळत नाही, आणि ही माहिती मिळालेल्यांची भाषणे त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणून हे मी इतक्या विस्ताराने सांगते आहे. हे ज्ञान स्वतःच थोडेसे औषध आहे.

परंतु केवळ भीती कमी होऊन भागत नाही, कारण बोलायचे काय हा प्रश्न शिल्लकच राहतो. इथे माझे मत स्पष्ट आहे. ओळख करून देताना आपण आपली लायकी सिद्ध करायला उभे नसतो. समोरच्याच्या हाती आपण एक धागा देत असतो, ज्याला धरून त्याला आपल्याशी पुढचे वाक्य बोलता यावे. तुम्ही पाठ केलेली ओळख तुम्ही लिहून पाठवली आहे: पूर्ण नाव, महाविद्यालय, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, टक्केवारी, आणि शेवटी ‘माझे छंद वाचन आणि प्रवास’. यातल्या एकाही गोष्टीवर ऐकणाऱ्याला काही विचारता येत नाही. टक्केवारी ऐकून कोणी काय म्हणावे? वाचन आणि प्रवास तर निम्म्या खोलीने सांगितलेले असते.

नाव हा धागा होऊ शकत नाही, हेही लक्षात घ्यावे. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी असे दाखवले की एकच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर लक्षात ठेवायला अवघड जातो आणि व्यवसाय म्हणून सांगितला तर सहज राहतो. मराठीत याचे उदाहरण शोधावे लागत नाही. एखाद्याने ‘माझे आडनाव सुतार’ असे सांगितले तर ते तासाभरात विसरले जाईल. ‘मी सुतारकाम करतो’ असे सांगितले तर रंधा, लाकडाचा वास, घरातले मोडके कपाट असे सगळे मनात उभे राहते आणि माणूस लक्षात राहतो. म्हणून कोणी तुमचे नाव विसरले तर ते मनाला लावून घेऊ नये, आणि आपण विसरलो तर ‘माफ करा, तुमचे नाव पुन्हा सांगाल का’ असे निःसंकोच विचारावे.

तुमच्यासाठी मी असे सुचवीन. आधी नाव सांगा आणि श्वासभर थांबा. घाईत नाव आणि पुढचे वाक्य एकमेकांत मिसळते आणि दोन्ही ऐकू जात नाहीत. मग सध्या तुम्ही काय काम करता ते ऐकणाऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगा, पदाचे नाव सांगू नका. ‘आपले ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे अडते हे शोधण्याचे काम मी करतो’ हे वाक्य तुमच्या पदनामापेक्षा कितीतरी चांगले आहे. आणि तिसरी गोष्ट उदगीर. तुम्ही गावाचे नाव सांगायला कचरता असे लिहिले आहे, आणि ते वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण तुमच्याकडचा सर्वांत चांगला धागा तोच आहे. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुण्यात पेठ आहे, त्यांनी १७६० मध्ये निजामाचा पराभव केला तो उदगीरला, पानिपताच्या आदल्या वर्षी. २०२२ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले होते. पुण्यातल्या दहा माणसांत ‘मी उदगीरचा’ असे म्हटले तर कोणीतरी लढाईविषयी बोलेल, कोणी किल्ल्याविषयी विचारेल, कोणाचा मावसभाऊ लातूरला निघेल. त्यातले काहीच घडले नाही तरी ‘उदगीर नेमके कुठे येते’ एवढा प्रश्न तरी निश्चित येईल, आणि त्याचे उत्तर तुम्हाला पाठ करावे लागणार नाही.

गावाचे नाव टाळण्यामागे बोलीचा संकोच आहे, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिले आहे. माझ्या मते ती ओळ तुमच्या प्रश्नाचे मूळ आहे. पुण्यात आल्यावर ‘न’ आणि ‘ण’ यांवरून कोणी हसले, ‘काय करायलास’ म्हटल्यावर कोणी नक्कल केली, आणि तेव्हापासून तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक शब्द तपासण्याची सवय तुम्हाला लागली. बोलता बोलता स्वतःचे बोलणे तपासणारा माणूस अडखळणारच. चालताना प्रत्येक पावलाचा विचार केला तर चालही बिघडते. ज्यांनी नक्कल केली त्यांनी चूक केली, आणि हे मी पुण्यात वाढलेली व्यक्ती म्हणून सांगते आहे. पुस्तकी मराठी ही लिहिण्यासाठी ठरवलेली एक रीत आहे, ती अवश्य शिकावी, कार्यालयात उपयोगी पडते. परंतु ती येत नाही तोवर गप्प राहावे असा नियम कोणी केलेला नाही, आणि तुमची बोली तुमच्या आजीच्या तोंडची आहे, ती दुरुस्त करण्याची वस्तू नव्हे. माझ्या अनुभवात जी माणसे पहिल्याच वाक्यात ‘माझ्या बोलण्यात तुम्हाला आमच्याकडचा हेल ऐकू येईल’ असे शांतपणे सांगून टाकतात, त्यांचे अडखळणे लवकर कमी होते, कारण लपवण्यासारखे काही उरत नाही.

आडनावाविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. ‘आडनाव काय’, ‘मूळचे कुठले’, ‘म्हणजे कोणते पाटील’ हे प्रश्न कुतूहलाने विचारले जातात तसे जात काढण्यासाठीही विचारले जातात; भाड्याने खोली शोधताना ज्यांनी त्याचा अनुभव घेतला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. अशा वेळी जो संकोच होतो तो मनाचा आजार नाही, ती अनुभवातून आलेली सावधगिरी आहे, आणि तिच्यावर श्वासाचे व्यायाम सुचवणे हा त्या माणसावर अन्याय आहे. फक्त पहिले नाव सांगून थांबण्याचा अधिकार तुम्हाला आहे. महाराष्ट्रात आडनाव न लावता आईचे आणि वडिलांचे नाव लावणारी माणसे अनेक वर्षांपासून आहेत. कोणी खोदून विचारलेच तर ‘मी एवढेच नाव वापरतो’ हे वाक्य नम्र आहे आणि पूर्ण आहे.

असाच एक वेगळा संकोच गृहिणींच्या बाबतीत मी वारंवार पाहते. कोथरूडहून येणाऱ्या एका बाईंनी पहिल्या भेटीत मला ‘मी काहीच करत नाही’ अशी स्वतःची ओळख सांगितली होती, आणि तासाभराच्या बोलण्यात कळले की त्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सहा वर्षे शुश्रूषा करत होत्या. ओळखीत पगाराचेच काम मोजायचे अशी समजूत झाली की असे होते.

आता सरावाविषयी, कारण वाचून हे जात नाही. माझ्याकडे दर गुरुवारी आठ जणांचा एक गट बसतो. पहिल्या आठवड्यात तिथे कोणीही स्वतःची ओळख करून देत नाही. दोघादोघांनी पाच मिनिटे बोलायचे आणि मग प्रत्येकाने दुसऱ्याची ओळख सर्वांना करून द्यायची. जी पद्धत आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे तिथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. दुसऱ्याविषयी बोलताना तीच माणसे मोकळी बोलतात. हात थरथरत नाहीत, वाक्य तुटत नाही. याचा उपयोग तुम्ही कार्यालयातही करू शकता. एखाद्या दुसऱ्या टीमशी काम पडणार असेल तर आपल्या वरिष्ठांना ‘माझी त्यांच्याशी ओळख करून द्याल का’ असे सरळ विचारा; त्यात कमीपणा नाही. आणि आठ महिन्यांत तुमच्यानंतर कोणीतरी नवीन नक्की रुजू झाले असेल. त्या मुलाला किंवा मुलीला जेवणाच्या टेबलावर इतरांशी तुम्ही ओळख करून द्या. पहिल्या दिवशी काय होते हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे, आणि यजमानाच्या जागी उभे राहिले की लक्ष आपोआप समोरच्याकडे जाते.

त्यानंतर लहान लहान प्रसंग वाढवत न्यावेत. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांनी स्वतःची हकीकत सांगितली आहे. १९३३ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचे असताना, स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जात आणि बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा प्रयत्न करत. एकशे तीस जणींपैकी तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. प्रयोग फसला असे यावर कोणीही म्हणेल. परंतु बोलण्याने काही अनर्थ होत नाही हे त्यांना शंभर वेळा दिसले आणि भीती गेली. हा प्रयोग आज जसाच्या तसा कोणी करू नये, कारण बागेत एकट्या बसलेल्या स्त्रीच्या निवांतपणाचा मान राखला पाहिजे. त्यातले तत्त्व मात्र घ्यावे. जिथे दोन शब्द बोलणे स्वाभाविक मानले जाते तिथे ते वारंवार बोलावेत.

तुमच्याजवळ अशी ठिकाणे आहेत. बाणेरच्या टेकडीवर रविवारी सकाळी जा. रोज चालायला येणाऱ्यांचा तिथे एक अलिखित रिवाज असतो: पहिल्या दिवशी नजरानजर, तिसऱ्या दिवशी मान हलवणे, मग ‘आज धुके फार आहे’, आणि नावापर्यंत यायला कधी महिना लागतो. नाव सर्वांत शेवटी आले तरी चालते, हे तिथे शिकायला मिळते. मेसमध्ये समोर बसलेल्याला आमटी पुढे करताना ‘तुम्ही इथे रोज असता का’ असे विचारा. गणपतीच्या दिवसांत सोसायटीच्या मंडळात खुर्च्या लावण्याचे किंवा प्रसाद वाटण्याचे काम मागून घ्या, कारण हातात काम असले की ओळख कामाच्या ओघात होते. या वेळी दोन सवयी मात्र कटाक्षाने सोडा: एक, बोलणे सुरू होताच मोबाइल हातात घेण्याची, आणि दुसरी, वाक्य मनात तयार करून मगच उच्चारण्याची. या दोन्ही सवयी तुम्हाला वाचवतात असे वाटते, आणि म्हणूनच त्या भीतीला जिवंत ठेवतात. बोलणे ठीक झाले तरी श्रेय त्यांना जाते, तुम्हाला नाही. बोलणे संपल्यावर समोरच्याला आपण आवडलो नाही असे वाटत राहिले तर एवढे आठवा की अनोळखी माणसांच्या पहिल्या संभाषणांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळले होते. आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षाहून कमी बांधतात, आणि दोघेही तीच चूक करत असतात.

एक मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. अशी भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तिच्यामुळे कामाच्या बैठका, जेवण, फोन हे सर्व टाळले जाऊ लागले, बैठकीच्या आदल्या रात्री झोप येईनाशी झाली, तर तिला लाजाळूपणा म्हणून सोडून देऊ नये. हा उपचारांनी बरा होणारा त्रास आहे. त्यावर वर्तन आणि विचार यांवर काम करणारे उपचार परिणामकारक आहेत आणि गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. तुम्हाला आठ महिने झाले आहेत आणि तुम्ही दोन बैठकांना आजारपणाचे कारण सांगून गैरहजर राहिलात, म्हणून एकदा प्रत्यक्ष भेटून तपासणी करून घ्यावी असे माझे मत आहे. लगेच कोणाकडे जाणे शक्य नसेल तर १४४१६ या टेली-मानस सेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

राहिला समोरच्या दारातल्या काकांचा प्रश्न. उशीर झाला आहे हे खरे, आणि तो उशीर मान्य करणे हाच बोलण्याचा सर्वांत सोपा प्रारंभ आहे. लिफ्टमध्ये विचारू नका. तिथे वेळ कमी असतो आणि माणसे कोंडल्यासारखी उभी असतात. पुढच्या वेळी गावाहून याल तेव्हा आईने दिलेल्यातले थोडे, शेंगदाण्याची चटणी असो वा घरची तूरडाळ, डब्यात घालून त्यांच्या दाराची घंटा वाजवा आणि म्हणा, ‘काका, आठ महिने आपण समोरासमोर राहतो आहोत आणि तुमचे नाव विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले. मी उदगीरचा.’ ते आत बोलावतील किंवा दारातच उभे राहून बोलतील. डबा रिकामा झाला की तो परत करायला मात्र ते तुमच्या दाराशी येतील, आणि त्या वेळी पहिले वाक्य त्यांना बोलावे लागेल.